कृष्णेच्या पाण्याची वही

पावसाळा ऐन भरात आला की कृष्णाकाठच्या गावांत एक प्रश्न रोज सकाळी कानांवर येतो: "आयर्विनला किती?" विचारणारा दूधवाला असतो, एस.टी.चा कंडक्टर असतो, नाहीतर ओट्यावर बसलेली म्हातारी असते. उत्तर फुटांत द्यायचे असते. सांगलीचा आयर्विन पूल १९२९ साली संस्थानच्या काळात बांधून झाला आणि त्या वेळच्या व्हाइसरॉयचे नाव त्याला मिळाले. व्हाइसरॉय विस्मरणात गेला; त्याचे नाव मात्र या भागात नदीच्या पाण्याचे माप होऊन राहिले आहे. तिथे चाळीस फूट म्हणजे इशारा आणि पंचेचाळीस म्हणजे धोका. कोल्हापूरकर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याचा आकडा सांगतो. तिथे इशारा ३९ फुटांना आणि धोका ४३ ला. नृसिंहवाडीच्या माणसाला तर फूटही लागत नाहीत. कृष्णा-पंचगंगेचे पाणी देवळात शिरून पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडले की दक्षिणद्वार सोहळा झाला म्हणायचे. भाविक स्नानाला धावतात आणि खालच्या अंगाचे शेतकरी त्याच बातमीवर मोटारी काढून आणायच्या की नाही ते ठरवतात. धर्मकृत्य आणि जलमापन यांचा इतका बेमालूम मेळ मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

मी शाळेत इतिहास शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. जलशास्त्राशी माझा संबंध मॅट्रिकच्या भूगोलापुरता. परंतु गेली काही वर्षे या आकड्यांच्या मागे लागल्यावर माझ्या ध्यानात आले की, पाण्याचा आकडा ही शास्त्राइतकीच इतिहासाची वस्तू आहे. आकडा कोण लिहितो, कोणत्या वहीत लिहितो आणि ती वही कोणाला उघडून दाखवतो, यावर पाण्याचे वाटप ठरले आहे, खटले चालले आहेत, माणसे वाचली आहेत आणि बुडाली आहेत. आज ही वही संगणकाच्या जाळ्यावर आली आहे असे आपण ऐकतो. ती तिथवर कशी आली, हे कृष्णेपुरते सांगावे म्हणतो.

प्रारंभ फार मागे करता येईल. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पाऊस मोजण्याचे कुंड आहे. त्याचे तोंड एक अरत्नी, म्हणजे हातभर रुंद असावे आणि ते कोठारापुढे ठेवावे, असे तो सांगतो. मग द्रोण या मापात देशोदेशीच्या पावसाची यादी येते: जांगल म्हणजे कोरड्या प्रदेशात सोळा द्रोण, पाणथळ प्रदेशात त्याच्या दीडपट, अवंतीत तेवीस. गोदाकाठच्या अश्मकांचाही आकडा आहे. अपरांताशी, म्हणजे आपल्या कोकणाशी आल्यावर मात्र ग्रंथकार 'अमित' एवढेच लिहून मोकळा होतो. कोकणच्या पावसापुढे इतक्या जुन्या काळीच मोजणाऱ्यांनी हात टेकले होते तर! विनोद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. कुंड ठेवले होते राजाच्या कोठारापुढे. त्यातला आकडा सीताध्यक्षाला, म्हणजे राजाच्या शेतीवरच्या अंमलदाराला पेरणी ठरवण्यासाठी हवा होता. शेजारच्या कुणब्याला तो कोणी सांगत असे की नाही, याविषयी ग्रंथ गप्प आहे.

इंग्रजी अमलात कुंडाच्या जागी पर्जन्यमापक आले आणि ते मामलेदार कचेरीच्या आवारात बसले. कोठाराची जागा कचेरीने घेतली, एवढाच फरक. पीक किती आणे येणार आणि सारा किती सोडायचा, हा हिशेब पावसाशिवाय होत नसे. १८७५ साली हिंदुस्थानचे हवामान खाते निघाले, त्यावर ब्लॅनफर्ड नावाचे पहिले अधिकारी नेमले गेले आणि ठिकठिकाणच्या नोंदींना एक शिस्त लागली. १९२८ साली या खात्याचे मुख्य ठाणे सिमल्याहून पुण्याला आले. महाबळेश्वरला, जिथे कृष्णा उगम पावते, वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो आणि त्याच सातारा जिल्ह्यात पूर्वेकडे माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. हे आज शाळेतले पोर घडाघडा म्हणते, ते कचेरीतल्या शिपायाने पिढ्यान्‌पिढ्या सकाळच्या ठरल्या वेळी पाणी नळीत ओतून पाहिले म्हणून. त्या शिपायांची नावे कोणी लिहून ठेवलेली नाहीत.

नदीच्या पाण्याची वही मात्र आपल्याकडे उशिरा सुरू झाली. ती आधी सुरू झाली कृष्णेच्या दुसऱ्या टोकाला, बेझवाड्याला, म्हणजे आजच्या विजयवाड्याला. तिथे १८५२ ते १८५५ या काळात इंग्रजांनी नदीवर दगडी आडवा बांध घातला आणि त्रिभुज प्रदेशात कालवे काढले. बांधाच्या माथ्यावरून पाणी किती उंचीने वाहते ते तिथले लोक टिपून ठेवीत. त्या उंचीवरून सूत्राने प्रवाह काढीत. कालव्याच्या पलीकडे त्यांना या आकड्याचा काही उपयोग नव्हता. महाबळेश्वरपासून निघालेले, कोयना, वारणा, पंचगंगा, भीमा, तुंगभद्रा पोटात घेऊन आलेले सगळे पाणी त्या एका माथ्यावरून जात होते आणि एक कारकून ते लिहीत होता. १८९४-९५ पासूनची ही सलग नोंद पुढे तीन राज्यांचे भवितव्य ठरवणार होती.

१९५१ च्या जुलैत दिल्लीला कृष्णेचे पाणी वाटून घेण्यासाठी बैठक भरली. कृष्णेत भरवशाचे पाणी १,७१५ टीएमसी धरले गेले. टीएमसी हा शब्द हल्ली वर्तमानपत्रांच्या कृपेने घरोघर पोहोचला आहे, तरी सांगतो: एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सुमारे २,८३१ कोटी लिटर. किंवा असे समजा, ११,५७४ क्युसेकचा प्रवाह अखंड चोवीस तास चालला की एक टीएमसी पाणी वाहून जाते. दिल्लीच्या त्या वाटणीला म्हैसूर राज्याने मान्यता दिली नाही. नंतर १९५६ साली राज्यांच्या सीमाच बदलल्या आणि वाटणी मोडल्यासारखी झाली. १९६१ साली केंद्राने गुल्हाटी आयोग नेमला. या आयोगाने १९६२ च्या अहवालात जे म्हटले ते मला फार मोलाचे वाटते. नदीत भरवशाचे पाणी किती, हे नेमके सांगण्याइतकी मोजमापेच उपलब्ध नाहीत. आधी नदीवर जागोजाग प्रवाह मोजा, असे त्याने सुचवले. शंभर वर्षे कालवे काढून झाले होते, कोयनेचे धरण उभे राहत होते, नागार्जुनसागराचे काम चालू होते आणि नदीत पाणी किती याची खात्रीची वही नव्हती! घर बांधायला काढून मग खिशात पैसे किती ते चाचपणारा माणूस आपण हसण्यावारी नेतो. सरकारे तेच करतात तेव्हा त्याला योजना म्हणतात.

१९६९ च्या एप्रिलात न्यायमूर्ती बच्छावत यांच्या अध्यक्षतेखाली कृष्णा पाणीतंटा लवाद बसला. महाराष्ट्र, म्हैसूर आणि आंध्र प्रदेश समोरासमोर आले. प्रत्येकाचे इंजिनियर वेगळे, वकील वेगळे आणि आकडेही वेगळे. वाद नुसता पाण्यावर चालला नाही, तो बेझवाड्याच्या बांधावरून वाहणारे पाणी कोणत्या सूत्राने काढावे, त्यावरही चालला. तो जुना बांध १९५२ साली फुटलेला. साक्षीला उभा करावा तर साक्षीदार जगात नाही, त्याची जबानी तेवढी वहीत. अखेरीस १८९४-९५ ते १९७१-७२ या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आकड्यांची एक माळ तिन्ही राज्यांनी मान्य केली. शंभरातल्या पंचाहत्तर वर्षी जेवढे पाणी खात्रीने येईल तेवढे वाटायचे असे ठरले आणि तो आकडा निघाला २,०६० टीएमसी. १९७३ च्या डिसेंबरातल्या निवाड्याने महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्राला ८०० टीएमसी दिले.

या निवाड्यावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले, राज्यावर अन्याय झाला की न्याय झाला यावर सभा गाजल्या. मला मात्र नवल वाटते ते तिन्ही राज्यांनी एका वहीवर बोट ठेवले त्या क्षणाचे. तोवर तिघे तीन नद्यांविषयी बोलत होते. पुढे २००४ साली दुसरा लवाद नेमला गेला. त्याने २०१० च्या निर्णयात १९६१-६२ ते २००७-०८ ही सत्तेचाळीस वर्षांची माळ घेतली, पंचाहत्तरऐवजी पासष्ट टक्के भरवसा धरला आणि आकडा आला २,२९३. सरासरी काढली तर २,५७८. नदी तीच होती. ती फुगली नव्हती, आटलीही नव्हती. वही दुसरी होती आणि वाचण्याचा नियम दुसरा होता. ज्याला या दोन वह्या शेजारी शेजारी उघडून पाहता येत नाहीत त्याने पाणीवाटपावर मत द्यावे कसे? आणि आपल्यापैकी कितीजणांना त्या १९९० सालापर्यंत पाहता आल्या असत्या? एकालाही नाही. त्या सरकारी कपाटांत होत्या.

खटल्यात दहा वर्षे गेली तरी चालतात. पुरात तासाला किंमत असते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले ते कृष्णेच्याच खोऱ्यातले; तिथले पाणी मुठेतून भीमेला आणि भीमेतून कृष्णेला जाते. धरणाला धोका आहे हे आदल्या रात्री माहीत होते. जवान वाळूची पोती टाकून बांध सावरत होते. पुण्याच्या पेठांत मात्र सकाळी लोक नित्याच्या उद्योगाला लागले होते. धरणावर जे ठाऊक होते ते शनिवार पेठेत ठाऊक नव्हते, ही त्या दिवसाची खरी हकीकत आहे. मोजमाप नव्हते असे कोणी म्हणू नये. ते चाळीसेक किलोमीटर चालून आले नाही.

तेव्हाच्या व्यवस्थेचा दोष एका माणसावर टाकता येणार नाही. वहीतला आकडा वर जाण्यासाठी होता. आडवा जाण्यासाठी नव्हता. नदीकाठचा मापनदार फूटपट्टी वाचून कागद भरी, कागद उपविभागाकडे, तिथून विभागाकडे, तिथून मंडळाकडे जाई. निकड असली तर तार किंवा बिनतारी संदेश. केंद्रीय जल आयोगाने पुराचे अंदाज देण्याचे काम १९५८ साली दिल्लीला यमुनेवर सुरू केले आणि हळूहळू इतर नद्यांवर नेले. आज आपल्या भागात कुरुंदवाड, अर्जुनवाड येथे आयोगाची मापनकेंद्रे आहेत. १९७२ च्या दुष्काळात राज्याने भूजल सर्वेक्षण यंत्रणा काढली आणि विहिरींच्या पाण्याचीही वही सुरू झाली. निवडक विहिरींत वर्षातून चार वेळा दोर सोडून पातळी पाहायची. म्हणजे पाऊस एका खात्याकडे, नदी दुसऱ्याकडे, धरण तिसऱ्याकडे आणि विहीर चौथ्याकडे. आकाशातून पडलेला थेंब ओढ्यातून विहिरीत उतरेपर्यंत त्याची चार खाती होत.

या वह्या एका जागी आणण्याचा पहिला मोठा प्रयत्न १९९५ च्या सुमारास झाला. जागतिक बँकेचे कर्ज आणि डच तज्ज्ञांचे साहाय्य घेऊन द्वीपकल्पातील राज्यांत 'हायड्रॉलॉजी प्रोजेक्ट' निघाला. महाराष्ट्रात त्याचे केंद्र नाशिकला, दिंडोरी रस्त्यावरच्या जलविज्ञान भवनात झाले. जुनी बाडे काढून त्यांतले आकडे संगणकात भरायचे, हे त्यातले कष्टाचे काम. ज्यांनी कधी दप्तर चाळले असेल त्यांना याची कल्पना येईल. शाई फिकी झालेली, तीन आहे की आठ ते कळत नाही; पुराच्या दिवशीच नेमकी जागा कोरी, कारण त्या दिवशी मापनदाराला नदीवर जाताच आले नाही.

नुसते आकडे भरून भागत नाही. इथे वाचकांनी थोडा धीर धरावा, कारण जाळ्यावर पाण्याचे आकडे आणण्यातली खरी मेख इथेच आहे. आयर्विनची पातळी फुटांत सांगतात आणि तिचे शून्य त्या पट्टीच्या तळाशी आहे. आलमट्टीची पातळी मीटरांत सांगतात आणि तिचे शून्य समुद्रसपाटीला; धरण पूर्ण भरले म्हणजे ५१९.६० मीटर. या दोन आकड्यांची वजाबाकी कशी करणार? एक खाते विसर्ग क्युसेकमध्ये लिहिते, दुसरे सेकंदाला घनमीटरांत. एकाचा दिवस सकाळी आठला सुरू होतो, दुसऱ्याचा साडेआठला. तारीख ७/८ लिहिली तर ती सात ऑगस्ट की आठ जुलै? तेव्हा आकड्याबरोबर त्याची जन्मपत्रिका द्यावी लागते: कोणत्या जागी, कोणत्या क्षणी, कोणत्या मापात, कोणत्या शून्यापासून, कोणत्या रीतीने मोजला. पत्रिका नसलेला आकडा अनाथ पोरासारखा असतो. कोणीही त्याला आपला म्हणतो, कोणीही नाकारतो.

ही अडचण आपलीच होती असे नाही. अमेरिकेच्या भूशास्त्र सर्वेक्षण खात्याने १८८९ साली न्यू मेक्सिकोतील एम्बुडो येथे रिओ ग्रांदे नदीवर आपले पहिले प्रवाहमापन केंद्र उघडले. बेझवाड्याची सलग माळ १८९४-९५ ची, म्हणजे दोघांत पाचसहा वर्षांचेच अंतर. परंतु १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यास त्या खात्याने आपल्या नद्यांचे आकडे जाळ्यावर टाकले आणि कोणालाही फुकट पाहू दिले. आज तिथली मापके साधारण पंधरा मिनिटांनी एक नोंद करतात, ती उपग्रहामार्फत जाते आणि थोड्याच वेळात पडद्यावर दिसते. शेतकरी पाहतो, होडीवाला पाहतो, गळ टाकून बसणारा पाहतो. तिथेही विद्यापीठांचे आकडे एका नमुन्यात, सरकारचे दुसऱ्यात असा घोळ होताच. टेक्सास विद्यापीठातील डेव्हिड मेडमेंट आणि त्यांच्या सोबत्यांनी या आकड्यांसाठी एक सामाईक लिपी म्हणावी अशी बांधणी केली. तिचे नाव वॉटर-एमएल. आकड्याबरोबर त्याची पत्रिका बांधूनच पाठवायची, म्हणजे एका यंत्राने पाठवलेले दुसऱ्या यंत्राला न विचारता कळते. २०१२ साली तिची दुसरी आवृत्ती आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्य झाली.

जगभरच्या नद्यांचे आकडे एकत्र ठेवण्याचे कोठार १९८८ साली जागतिक हवामान संघटनेच्या छत्राखाली जर्मनीत कोब्लेंझला झाले. ऱ्हाइन आणि मोझेल यांच्या संगमावरचे हे गाव. त्याचे नावच मुळी संगम या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून पडले आहे. कराडला प्रीतिसंगमावर उभा राहिलो की मला उगाचच त्या न पाहिलेल्या गावाची आठवण होते. याच संघटनेने १९९९ साली ठराव करून सभासद देशांना सांगितले की, जलविज्ञानाची माहिती एकमेकांना मोकळेपणी आणि विनामूल्य द्यावी. ठराव सोपा, आचरण अवघड. ब्रह्मपुत्रेच्या पुराचे आकडे चीनने भारताला द्यावेत असा करार २००२ साली झाला होता. २०१७ साली सीमेवर तणाव झाला त्या पावसाळ्यात ते आकडे आले नाहीत. आपणही गंगा, ब्रह्मपुत्रा आणि सिंधू यांच्या प्रवाहाचे आकडे गोपनीय ठेवतो. शेजाऱ्याशी वाटणीचा वाद असला की वही उशाखाली ठेवायची, हा सगळीकडचाच रिवाज. कृष्णेचे दैव असे की तिला परदेश लागत नाही. तिची वही उघडी ठेवायला संरक्षणाची सबब सांगता येत नाही.

आपल्या जाळ्याची बांधणी अशी झाली. केंद्रीय जल आयोग आणि इस्रो यांनी मिळून इंडिया-डब्ल्यूआरआयएस ही देशाच्या जलसंपत्तीची माहितीप्रणाली उभी केली. तिचे पहिले रूप २०१० साली लोकांसमोर आले. २०१२ च्या राष्ट्रीय जलनीतीत स्पष्ट लिहिले गेले की, सुरक्षिततेसाठी गोपनीय ठरवलेली सोडून पाण्याची सर्व माहिती सार्वजनिक असावी. बाबांनो, हे वाक्य लिहायला कौटिल्याच्या कुंडापासून दोन हजार वर्षे लागली! २०१८ साली त्यासाठी राष्ट्रीय जल माहिती केंद्र निघाले आणि २०१९ च्या जुलैत प्रणालीची नवी आवृत्ती खुली झाली. नकाशावर बोट ठेवावे आणि त्या ठिकाणचा पाऊस, नदी, धरण, विहीर पाहावी. चार खात्यांची चार दप्तरे एका पडद्यावर. मधल्या काळात राज्यानेही कृष्णा आणि भीमा खोऱ्यांत आपोआप नोंद पाठवणारी मापके बसवली होती, धरणसाठ्याचे रोजचे पत्रक जाळ्यावर येऊ लागले होते.

जुलैत नवी वही उघडली आणि ऑगस्टात महापूर आला.

आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेले. धोक्याच्या खुणेवर बारा फूट. आमच्या शाळेच्या वरच्या मजल्यावर दीडशे माणसे आणि खाली पटांगणात नदी, असे दिवस आम्ही काढले. ब्रह्मनाळला सुटकेची बोट उलटली आणि पुरातून निघालेली माणसे पुरातच गेली. त्या दिवसांत लोकांच्या तोंडी एकच नाव होते, आलमट्टी. कर्नाटकाने दरवाजे लावून धरले आहेत म्हणून पाणी हटत नाही, असे इकडे जो तो म्हणे. तिकडचे लोक म्हणत, कोयनेतून सोडलेले पाणी आमच्यावर आले. शेवटी दोन मुख्यमंत्र्यांचे बोलणे झाले आणि आलमट्टीतून पाच लाख क्युसेक सोडण्याचे ठरल्याची बातमी आली. वरच्या मजल्यावरच्या एका आजोबांनी मला विचारले, "मास्तर, त्यांनी सोडलं ते पाणी आपल्याला कुठं दिसंल?" मी माझ्या फोनवर शोधू लागलो. आलमट्टीत येणारे पाणी, जाणारे पाणी, पातळी हे आकडे कुठे ना कुठे होते. कोयनेचा विसर्ग होता, वारणेचा होता, पाऊसही होता. पण एक मीटरांत, एक फुटांत, एक कालचा, एक परवाचा, सगळे इंग्रजीत; आणि फोनची पट्टी लाल झालेली. त्यातच फोनवर फिरणाऱ्या चित्रांत दुसऱ्याच कुठल्या धरणाचे दरवाजे उघडलेले दाखवीत होते. ती चित्रे मात्र मराठीत होती आणि तात्काळ उघडत होती.

आजोबांना आलमट्टीची साठवण जाणून घ्यायची नव्हती. पाणी त्यांच्या गोठ्यातून कधी उतरेल, हे त्यांना हवे होते. जाळ्यावरची प्रणाली त्यांना नदीचा आकडा देते. गोठ्याचा आकडा तिच्यात नाही. सांगलीतल्या लोकांना अनुभवाने ठाऊक आहे की पाणी चढू लागले की आधी सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर या भागांत शिरते. प्रत्येक गल्लीचा असा एक आयर्विनचा आकडा आहे. तो कोणाच्या संगणकात नसून त्या गल्लीतल्या बायकांच्या डोक्यात आहे.

२०२१ च्या जूनमध्ये बंगळूरला दोन्ही राज्यांच्या नेत्यांची बैठक झाली आणि पुराच्या काळातले आकडे त्या त्या क्षणी एकमेकांना द्यायचे ठरले. महिन्याभरात पुन्हा पूर आला, तेव्हा आलमट्टीविषयीची भांडणे निदान तितकी आंधळी नव्हती; बोलणाऱ्याच्या हातात काहीतरी आकडा असे. ही सुधारणा लहान नव्हे. २०२३ च्या ऑगस्टात जल आयोगाने 'फ्लडवॉच' हे फोनवरचे साधन काढले. केंद्राचे नाव दाबले की पुराचा अंदाज वाचूनही दाखवते. ते निघाले तेव्हा इंग्रजी आणि हिंदी या दोन भाषांत होते.

भाषेचा प्रश्न मी मास्तर आहे म्हणून काढतो असे समजू नये. नगर जिल्ह्यातले हिवरे बाजार घ्या. तिथे पोपटराव पवारांच्या पुढाकाराने गावाने पावसाचा आणि विहिरींचा हिशेब ग्रामसभेत मांडण्याचा प्रघात पाडला. पाऊस एवढा, विहिरींत पाणी एवढे, माणसे-जनावरांना एवढे, मग उरलेल्यात कोणते पीक घ्यायचे ते बोला. त्या हिशेबाला ना उपग्रह लागतो ना वॉटर-एमएल. आकडा मराठीत असतो, ज्याची विहीर त्याच्यासमोर वाचला जातो आणि त्याच बैठकीत निर्णय होतो. दिल्लीच्या पडद्यावर देशातल्या हजारो विहिरी दिसतात. त्या पाहून कोणी ऊस लावायचा थांबला, असे माझ्या तरी ऐकिवात नाही.

आता आलमट्टीची उंची ५१९.६० वरून ५२४.२५६ मीटरांवर नेण्याचा वाद पुन्हा तापला आहे. दुसऱ्या लवादाने ती मुभा दिली, निवाड्याचे राजपत्रातील प्रकाशन सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली थांबवले आणि प्रकरण लोंबकळत आहे. उद्या सुनावणीला उभे राहणारे इंजिनियर २०१९ आणि २०२१ सालांचे तासातासाचे आकडे मांडतील. त्यांतले कुरुंदवाडचे आकडे आज ना उद्या कोणालाही पाहता येतील. कुरुंदवाडातल्या घराघरांत पाणी कुठवर आले होते, हे मात्र कोणत्याच दप्तरात तपशीलवार नाही.

गेल्या उन्हाळ्यात शाळेला रंग द्यायचा होता. जिन्याखालच्या भिंतीवर २०१९ च्या पाण्याची तपकिरी रेघ होती. तीही जाणार होती. नववीच्या मुलांनी रंगाऱ्याला थांबवले आणि ती रेघ फुटपट्टीने मोजली. मग वाड्यातल्या खांबांवरच्या, देवळाच्या पायऱ्यांवरच्या, पिठाच्या गिरणीच्या दारावरच्या रेघा मोजल्या आणि समोर त्या दिवसाचा आयर्विनचा आकडा लिहिला. शंभर पानी वहीत सत्तावीस घरे झाली आहेत. पंचगंगेच्या बाजूची गल्ली अजून राहिली आहे.